शून्य मायक्रॉनचं नाटक

"झेरॉक्स काढून आणतो, भाऊ. तासाभरात वही परत," असं म्हणून आमच्या दिग्दर्शकाने माझ्या नाटकाची वही सायकलच्या कॅरिअरला अडकवली आणि तो बोल्हेगाव फाट्याकडे निघून गेला. वही परत आली अकराव्या दिवशी, तीसुद्धा तिच्यावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ घेऊन. तोवर नाटकाच्या टाइप केलेल्या प्रती सेन्सॉर नंबरसाठी मुंबईला गेल्या होत्या, स्पर्धेचा फॉर्म भरला होता आणि वॉचमनच्या कामासाठी पेंट शॉपमधला एक माणूस ठरलाही होता. लेखकाच्या संमतिपत्रावर सही माझीच होती. ती त्याने आठवड्यापूर्वी ओव्हरटाइमच्या कागदांत सरकवून घेतली होती. क्वालिटीतला माणूस प्रत्येक कागद वाचून सही करतो, असा माझा लौकिक होता. त्या दिवशी तो गेला.

नागापूर म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावरची, सीना नदीच्या पुलापलीकडची आमची वस्ती. तिला आता नगर शहराचा भाग म्हणतात, पण इथल्या माणसाला विचाराल तर तो "एमआयडीसीत राहतो" असंच सांगेल. फर्स्ट, सेकंड आणि नाइट हे आमचे तीन ऋतू. या तीन ऋतूंतून वाचलेल्या वेळात आम्ही नाटकं करायचो. असं करणारे आम्ही एकटे नव्हतो. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी कारखान्यांत दिवसा लेथ आणि रात्री तालीम असं चालत आलं आहे. साठी ओलांडलेली हौशी राज्य नाट्यस्पर्धा आहे, एकांकिकांचे करंडक आहेत. सदाशिव अमरापूरकरांसारखा नट याच गावच्या हौशी रंगमंचावरून पुढे गेला. त्यामुळे नगरमध्ये नाटकवाला म्हटल्यावर कोणी हसत नाही. फार तर उसने पैसे देताना जरा विचार करतात.

माझं नाटक बंद पडलेल्या कारखान्याच्या वॉचमनवर होतं. मालक गेला, कामगार गेले, वीज तोडली, पण वॉचमनला "उद्यापासून येऊ नको" असं कोणीच सांगितलं नाही, म्हणून तो रोज येऊन गेटवर बसतो. गोष्ट एवढीच. पहिला खर्डा मी दीड महिन्यात लिहिला. नंतरची सात वर्षं तो दुरुस्त केला.

यात अतिशयोक्ती नाही. नाटक पत्र्याच्या ट्रंकेत होतं, वर लोकरीचे कपडे आणि डांबराच्या गोळ्या. दर दिवाळीच्या सुटीत ट्रंक उघडायची, शेवटचा प्रवेश पुन्हा लिहायचा, ट्रंक बंद. शेवटी वॉचमन किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन कुलपाशी बोलतो, असं दोन पानी स्वगत होतं. त्याचे नऊ खर्डे मी केले. एकात तो रडायचा, एकात हसायचा, एकात फक्त कुलपांचे प्रकार सांगायचा. मंडळी विचारायची, "झालं का नाटक?" मी म्हणायचो, "अजून थोडं बाकी आहे." पुढे पुढे विचारणारेच माझं उत्तर देऊ लागले.

स्पर्धेचा फॉर्म भरल्याचं कळलं तेव्हा मी दिग्दर्शकाला कँटीनमध्ये गाठलं. तो टर्नर होता. त्याने केलेले जॉब तपासून पास करणं हे माझं रोजचं काम, म्हणजे आमचं नातं मुळातच जरा नाजूक. मी म्हणालो, "अरे, शेवट अजून बरोबर झालेला नाही."

त्याने शांतपणे पोह्यांतली मिरची बाजूला काढली. "काल माझा पंचवीसचा बोअर पास केलास. किती भरला?"

"पंचवीस आणि बारा मायक्रॉन."

"म्हणजे चुकला की."

"चुकला कसा? एच-7 आहे. एकवीसपर्यंत चालतो."

"मग माझ्या भोकाला एकवीस मायक्रॉनची सूट आणि तुझ्या नाटकाला शून्य? कोणत्या ड्रॉईंगवर लिहिलंय ते दाखव."

हा हिशोब वर्कशॉपबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवा, कारण माझी पुढची बोलती त्यानेच बंद केली. कुठल्याही जॉबच्या ड्रॉईंगवर नुसतं माप नसतं, मापाशेजारी टॉलरन्स असतो. 25 मिलिमीटरच्या भोकाला एच-7 लिहिलं असेल, तर ते 25.000 पासून 25.021 पर्यंत कितीही भरलं तरी चांगलं. एकवीस मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. त्यात सरकत्या बसणीचा शाफ्ट जाणार असेल, तर तो मुद्दाम सात ते वीस मायक्रॉनने बारीक ठेवतात. नवीन ॲप्रेंटिसला हे पटत नाही. तो म्हणतो, भोक नेमकं पंचवीस आणि शाफ्टही नेमका पंचवीस केला तर उत्तम नाही का? नाही. तो शाफ्ट हाताने सरकत जाणार नाही, ठोकावा लागेल. गेला तरी फिरणार नाही. ग्रीसलाही जागा लागते. जोड चालायचा तर मध्ये मोकळीक हवी, आणि ती मोकळीक ही चूक नसते, ड्रॉईंग करणाऱ्याने विचारपूर्वक दिलेली असते.

हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवत होतो आणि घरी जाऊन ट्रंक उघडत होतो.

तालमी देवळामागच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. मी पहिले चार दिवस रुसून गेलोच नाही. पाचव्या दिवशी गेलो, तर तिथे माझी वाक्यं मोठ्याने म्हटली जात होती आणि मला घाम फुटला. वहीत बरोबर वाटणारं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात गेलं की लगेच कळतं, कुठे दात अडकतात ते. मी मधेच उठून "इथे स्वल्पविराम आहे" असं ओरडलो. वॉचमनचं काम करणारा पेंट शॉपचा माणूस मला म्हणाला, "साहेब, मी स्वल्पविराम कुठून काढू? माझ्याकडे फक्त श्वास आहे." त्यानंतर दिग्दर्शकाने मला चहा आणण्याचं खातं दिलं. लेखकाला तालमीत हेच खातं शोभतं, असं माझं आजही मत आहे.

चहा आणता आणता मला नाटकवाल्यांचे जुने किस्से ऐकायला मिळाले. आमचा दिग्दर्शक ते बरोबर वेळ साधून सांगायचा, म्हणजे मी पान बदलायला मागितलं की.

त्यातला त्याचा आवडता किस्सा 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा. 1967 सालची गोष्ट. 'रंगायन'ला राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक हवं होतं आणि विजय तेंडुलकर ते लिहीत होते. लिहीत होते म्हणजे तालमी चालू आणि पुढचं नाटक अजून कागदावर यायचं, अशी तऱ्हा. बेणारेबाईंचं शेवटचं लांब स्वगत तर तेंडुलकरांना मुळात नकोच होतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे हटून बसले, लेखकाला खोलीत कोंडलं आणि ते लिहून घेतलं. सुलभा देशपांडे यांनी ते उभं केलं. आज नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेला एखादी मुलगी उभी राहिली, की परीक्षक मनात म्हणतात, आता बेणारे येणार.

"बघ," दिग्दर्शक म्हणायचा, "तेंडुलकर सात वर्षं ट्रंकेत ठेवून बसले असते तर?"

मी म्हणायचो, "तेंडुलकर तेंडुलकर होते."

"होते ना. त्यांना जर कोंडावं लागलं, तर तुला काय साखळदंड लावू?"

दुसरा किस्सा आमच्या गावचाच. मधुकर तोरडमल अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले त्यांचे प्रोफेसर बारवे ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळं सांगायला नको. या प्राध्यापकाला ऐन वेळी नेमका शब्द सापडत नाही, मग तो 'ह'ची बाराखडी लावून वाक्य पुरं करतो आणि समोरचा प्रेक्षक जो समजायचा तो अर्थ समजतो. भाषेच्या प्राध्यापकाने शब्द न सापडणारा प्राध्यापक लिहावा, स्वतः वठवावा आणि त्यावर वर्षानुवर्षं हाऊसफुल्लचे बोर्ड लागावेत! मी नेमक्या शब्दासाठी ट्रंकेवर डोकं आपटत होतो, तेव्हा माझ्या गावचा माणूस नेमका शब्द गाळून लोकांना हसवून गेला होता.

तिसरी गोष्ट दिग्दर्शकाची नाही, माझी आहे. तालमीच्या त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली. आमच्या नागापूरवरून जाणारा मनमाड रस्ता पुढे राहुरीला जातो. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा बराच काळ या नगर-राहुरीच्या मुलखात गेला. टिळक मोठे कवी, संस्कृतचे जाणकार. लक्ष्मीबाईंना शाळा अशी नाहीच, जोडाक्षरं लिहिणं जड जायचं. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून या बाई आठवणी लिहून द्यायला बसल्या. टिळकांचं खुळ, स्वतःची फजिती, उपासमार, सोवळ्याओवळ्याचे घोळ, जसं आठवलं तसं. ते 'संजीवनी'त छापून येऊ लागलं आणि 1934 पासून त्याचं पुस्तक होत गेलं. आज मराठी आत्मचरित्रांची यादी कोणी काढली आणि त्यात हे नाव वर नसलं, तर यादीच चुकीची धरतात.

त्याहून मला चटका लावून गेली ती 'ख्रिस्तायना'ची गोष्ट. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं. 1919 मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम दहा अध्याय झाले होते. टिळकांना परिपूर्णतेचा हव्यास होता असं मी म्हणणार नाही, त्यांच्यामागे हजार कामं होती. पण राहिलं ते राहिलं. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला जोडाक्षर अडायचं तिने. "माझं शुद्धलेखन सुधारलं की सुरू करते," असं त्या म्हणाल्या असत्या तर ते महाकाव्य दहाव्या अध्यायावरच थांबलं असतं. हे वाचल्यावर मी वही उशाखाली ठेवून झोपलो आणि सकाळी दिग्दर्शकाला पहिल्यांदा आपणहून विचारलं, नेपथ्याला काही मदत हवी का?

नेपथ्य म्हणजे एक गेट. भंगारातल्या पाइपचं आम्हीच वेल्डिंग करून आणलं होतं. ते टेम्पोतून उतरवताना कळलं, की रंगमंचाच्या बाजूच्या दारातून ते आत जाणार नाही. चार इंच जास्त. क्वालिटीतला माणूस हजर असताना दाराचं माप कोणी घेतलं नव्हतं! हॅक-सॉ ब्लेडने गेट मधोमध कापलं, आत नेलं आणि नायलॉनच्या दोरीने बांधलं. प्रेक्षकांना ते बंद कारखान्याचं मोडकं गेट वाटलं. मला ते नऊ वर्षांच्या नोकरीला लागलेला डाग वाटला.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसऱ्या घंटेला एक वाईट सवय आहे, ती लेखकाचं मत विचारत नाही. पडदा वर गेला आणि मी विंगेत डिमर चालवणाऱ्या पोराशेजारी उभा राहिलो, हातात संहिता घेऊन. एकेक वाक्य बोटाने पुढे.

पहिल्या अंकात लेबर ऑफिसर गेटवर येऊन वॉचमनला कायदा समजावतो, असा प्रवेश होता. या प्रवेशावर मी सात वर्षांत एकदाही हात फिरवला नव्हता, कारण तो मला चांगलाच वाटायचा. प्रेक्षकांत खोकला सुरू झाला. एकाला आला की दुसऱ्याला येतो, ही साथ नाटकवाल्यांना माहीत असते. खुर्च्या करकरल्या. मागच्या चार रांगांतले लोक उठून बाहेर गेले, बहुधा चहाला. एका गंभीर वाक्याला समोरच्या रांगेतला लहान मुलगा हसला आणि मग त्याचा बाप हसला. वाक्य खरंच हसण्यासारखं होतं. मला ते तिथे उभं असताना पहिल्यांदा दिसलं. सात वर्षं मी शेवटाला पॉलिश करत होतो आणि जॉब पहिल्या अंकात रिजेक्ट होत होता.

दुसरा अंक बरा चालला. शेवट जवळ आला. वॉचमन आबा किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडतो, कुलपाकडे बघतो. आता माझं स्वगत. नऊ खर्डे, दोन पानं. माझं बोट पहिल्या शब्दावर.

पेंट शॉपचा माणूस गप्प.

त्याने जुडग्यातली एक किल्ली धरली. सोडली. दुसरी धरली. मी विंगेतून पहिला शब्द कुजबुजलो. मग जरा मोठ्याने. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत जे रिकामेपण होतं ते अभिनयाचं नव्हतं. स्वगत डोक्यातून पुरतं उडालं होतं. तो पुन्हा किल्ल्या बघायला लागला, एकेक करून, जणू कुठली कशाची हे विसरलाय. किती वेळ गेला देव जाणे. समोर खोकला नव्हता. मग पलीकडच्या विंगेतून आबाच्या मुलाची भूमिका करणारा पोरगा घाबरून स्वतःच आत शिरला आणि त्याने दोन पानांनंतरचं वाक्य टाकलं, "चला आबा, घरी." आबाने किल्ल्या गेटला अडकवल्या आणि दोघं निघून गेले. ब्लॅकआऊट.

टाळ्या आल्या. मी संहिता चुरगाळून उभा. मेकअप रूममध्ये तो माणूस माझे पाय धरायला वाकला. मी त्याला उचललं खरं, पण मनातून त्याला नाइट शिफ्टला लावला होता.

घरी जाताना स्कूटरवर बायको म्हणाली, "शेवटी तो आबा गप्प बसला ना, ते बरं वाटलं." तिने ते स्वगत घरात इतक्या वेळा ऐकलं होतं, की ती चपात्या लाटताना मला पुढची ओळ सांगायची. मी विचारलं, "तुला कळलं नाही, दोन पानं गेली ते?"

"कळलं की. म्हणून तर म्हणते, बरं वाटलं."

निकाल लागला. नाटकाला नंबर नाही. अभिनयाचं उत्तेजनार्थ मात्र वॉचमनला. परीक्षकांपैकी एकांनी दिग्दर्शकाला सांगितलं, "पहिला अंक फार बोलतो." यावर दिग्दर्शक मला काहीच म्हणाला नाही. चांगल्या माणसांना हे जमतं.

या किश्शाचा चुकीचा अर्थ लावणारेही मला पुढे भेटले. "विसरलं तरी चालतं, उलट छान होतं," असं म्हणत पाठांतर न करता रंगमंचावर चढणारी मंडळी. त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. एक 'गो', एक 'नो-गो'. 'गो' आत गेलंच पाहिजे आणि 'नो-गो' जाता कामा नये. एकवीस मायक्रॉनची सूट असते, बाविसावा भरला की जॉब लाल डब्यात. पेंट शॉपच्या त्या माणसाने अडीच महिने रोज तालीम केली होती, किल्ल्यांचा जुडगा घरी नेऊन कमरेला लावून हिंडायचा. शब्द उडाले तरी आबा उडाला नाही, तो त्या हिंडण्यामुळे. "चालतंय की" या दोन शब्दांनी जितकी नाटकं बुडवली आहेत, तितकी माझ्यासारख्यांच्या ट्रंकांनी बुडवली नसतील. पण बुडालेलं नाटक निदान लोकांना दिसतं तरी. ट्रंकेतलं डांबराच्या गोळ्यांनाच माहीत.

आणि दुरुस्ती? ती नंतरही होते. आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतल्या. त्या लोकांत गेल्या, हातोहात नकलल्या गेल्या, पाठभेद शिरले. त्यांची शुद्ध प्रत एकनाथांनी केली 1584 मध्ये. जवळपास तीनशे वर्षांनी. माउलींशी स्वतःची तुलना करण्याइतका मी वेडा नाही, पण रिवर्कला एवढी मुदत मिळू शकते हे कळल्यावर माझ्यासारख्या इन्स्पेक्टरचा जीव जरा खाली बसतो.

पहिल्या अंकातून नंतर मी नऊ पानं कापली. लेबर ऑफिसर आता फक्त कागद देऊन जातो. पोरगा हसला ते वाक्य मी काढलं नाही, ते हसण्याच्या जागी हलवलं. नाटकाचे पुढे सात प्रयोग झाले, त्यातला एक भर पावसात पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे दुसरा अंक कोणालाच ऐकू आला नाही. स्वगत पुन्हा घातलं नाही. सेन्सॉरची संहिता आणि प्रयोग जुळावेत म्हणून ती दोन पानं रीतसर रद्द करून घेतली, तेव्हा पेन जरा जड झालं होतं, हे कबूल करतो.

पेंट शॉपच्या माणसाने मात्र ते स्वगत नंतर पाठ केलं. निवृत्तीच्या समारंभात त्याने ते माझ्याकडे बघत, एकही शब्द न चुकता, आख्खं म्हणून दाखवलं. फार लांब आहे हो ते.

मीही आता निवृत्त झालोय. मधे दिग्दर्शक घरी आला होता, तेव्हा त्याला ट्रंकेत दुसरी वही दिसली. रेल्वेच्या गँगमनवरचं नाटक आहे, चार वर्षं झाली. या वेळी त्याने झेरॉक्सचं निमित्त काढलं नाही, सरळ पिशवीत घातली. येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता देवळामागच्या त्याच हॉलमध्ये वाचन आहे. शेवट अजून जमलेला नाही. नागापूरच्या आसपास असाल तर या, आणि खोकला आला तर दाबून धरू नका.